एकाहत्तरच्या फोटोंखाली चिकटवलेलं खोटं

माझ्या धाकट्या भावाने परवा आमच्या कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज टाकला. ‘१९७१ च्या युद्धाचे सरकारने पन्नास वर्षं दडवलेले फोटो. बघा, आणि आपल्या शेजारी कोण राहतं ते ओळखा.’ त्याखाली पाच फोटो आणि प्रत्येकाखाली दोन ओळी. सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचे टॉवेलचे माग आहेत. ग्रुपवर घरचे आहेत, मुकादम आहेत, कांड्या भरणाऱ्या बायका आहेत, आणि वडिलांच्या वेळेपासून माग दुरुस्त करणारे आमचे जॉबर चाचाही आहेत. ‘शेजारी कोण राहतं’ हे त्या ग्रुपवर कुणाकडे बोट दाखवतं, हे कळायला फार अक्कल लागत नाही. संध्याकाळपर्यंत तोच मेसेज मावशीकडून आला, मग मुलाच्या वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर दिसला. आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी ‘दडवलेले’ याचा निकाल लावू. यातला एक फोटो पाकिस्तानी लष्कराच्या ढाक्यातल्या शरणागतीचा आहे, तो तेव्हापासून जगभर छापला गेलाय. एकाला १९७२ चा पुलित्झर पुरस्कार मिळालाय. एक १९७२ सालीच पुस्तकात आलाय. यात दडवलंय काय?

सगळ्यात विषारी आहे तो तिसरा फोटो. बंदूकधारी सैनिक एका लुंगीवाल्या माणसाच्या लुंगीत डोकावून पाहतोय. खाली लिहिलंय: ‘पाकिस्तानी सैनिक हिंदू की मुसलमान ते तपासताना. उद्या तुमची पाळी.’

हा सैनिक पाकिस्तानी नाही, भारतीय आहे. फोटो काढला किशोर पारेख यांनी. मूळचे भावनगरचे, ‘हिंदुस्तान टाइम्स’चे एकेकाळचे मुख्य छायाचित्रकार. बिहारच्या दुष्काळाचे त्यांचे फोटो गाजले होते. डिसेंबर १९७१ मध्ये कुणी पाठवलेलं नसताना ते स्वतःहून युद्धात जाऊन पोचले आणि तिथल्या ६७ फोटोंचं पुस्तक त्यांनी पुढच्याच वर्षी काढलं. त्या पुस्तकात या फोटोसोबत छापलेल्या ओळींचा अर्थ असा: पाकिस्तानचे हेर असल्याच्या संशयावरून भारतीय जवान गावकऱ्यांना गोळा करताहेत आणि लुंगीत शस्त्र लपवलंय का ते पाहताहेत. बस. शस्त्राची झडती. धर्माची नाही. फोटो काढणाऱ्याने स्वतःच्या पुस्तकात जे छापलंय, त्यापुढे कुणा अनोळखी माणसाने मोबाइलवर टाइप केलेल्या दोन ओळींची किंमत शून्य. खुद्द बांगलादेशातही हा फोटो वर्षानुवर्षं पाकिस्तानी सैनिकाचा म्हणून फिरलाय, म्हणजे ही चूक जुनी आहे. पण ‘उद्या तुमची पाळी’ ही भर नवी, आणि ती चुकून पडलेली नाही.

एक गोष्ट मान्य करावीच लागते. असे प्रकार घडले होते. बेळगावात जन्मलेले, कराचीत काम करणारे पत्रकार अँथनी मास्करेन्हस यांना पाकिस्तानी लष्कराने आपली बाजू लिहून घेण्यासाठी पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, फिरवलं. त्यांनी बायकामुलांना आधी लंडनला हलवलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं सगळं १३ जून १९७१ च्या ‘संडे टाइम्स’मध्ये छापून आणलं. गावोगाव हिंदूंना हुडकून, सुंता झालेली नाही हे पाहून जागच्या जागी गोळ्या घातल्या जात होत्या, असं त्यात स्पष्ट आहे. भारतात आलेल्या जवळजवळ एक कोटी निर्वासितांत हिंदूच जास्त होते, हेही खरं. पण हा फोटो त्याचा नाही.

आणि त्यातून ‘तुमच्या शेजाऱ्याला ओळखा’ हे कसं निघतं? २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाका विद्यापीठावर रणगाडे आले, तेव्हा हिंदू विद्यार्थ्यांच्या जगन्नाथ हॉलवर गोळीबार झाला आणि मुसलमान विद्यार्थ्यांच्या इक्बाल हॉलवरही झाला. त्याच हल्ल्यात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक गोविंदचंद्र देव मारले गेले. शरणागतीच्या दोन दिवस आधी, १४ डिसेंबरला, नाटककार मुनीर चौधरींना घरातून उचलून नेलं, ते परत आलेच नाहीत. मारणारे पाकिस्तानी लष्कर आणि त्यांचे हस्तक, मरणारे बंगाली, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीतले बहुसंख्य मुसलमानच होते. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या लष्कराचा हिशेब सोलापुरातल्या एका जॉबरच्या नावावर मांडायचा, हे कोणत्या न्यायात बसतं?

दुसरा फोटो संगिनीने भोसकण्याचा. मेसेज म्हणतो, ‘रझाकार हिंदूंना मारताना.’ इथे रझाकार म्हणजे पाकिस्तानी लष्कराला साथ देणारे तिथलेच लोक. नेमकं उलट आहे. १८ डिसेंबरला, शरणागतीनंतर दोन दिवसांनी, मुक्तिवाहिनीच्या लोकांनी ढाक्यात भर गर्दीसमोर काहींना रझाकार असल्याच्या आरोपावरून ठार केलं. असोसिएटेड प्रेसचे होर्स्ट फास आणि मिशेल लॉराँ तिथे होते. पुलित्झर मिळाला तो याच फोटोंना. ज्यांना रझाकार म्हणून मारलं, त्यांनाच मेसेजवाल्याने हिंदू करून टाकलं.

शरणागतीच्या फोटोखाली लिहिलंय की शरण आलेले पाकिस्तानी सेनानी नियाझी यांच्या शेजारी माणेकशॉ बसलेत. माणेकशॉ त्या दिवशी ढाक्यात नव्हतेच. बसलेत ते पूर्व विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा. पुढचा ‘९३,००० सैनिक’ हा आकडाही अर्धवट आहे. युद्धकैदी साधारण तेवढे होते, पण त्यांत निमलष्करी दलाचे लोक आणि नागरिकही होते.

चौथा, ‘१९७१ मध्ये लाहोर जिंकलं होतं’ म्हणून पाठवलेला, १९६५ चा आहे. बरकीच्या पोलीस ठाण्यासमोर आपले अधिकारी उभे आहेत. बरकी लाहोर जिल्ह्यात येतं आणि ते आपण जिंकलं, हे अभिमानानेच सांगावं. लाहोर शहर मात्र घेतलं नव्हतं, आणि बरकी परत गेलं ते जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारानुसार. पाचवा फोटो युद्धातला नाहीच, सिनेमातला प्रसंग आहे. नटाचा चेहरा ओळखू येतो.

हे सगळं भावाला दाखवल्यावर तो म्हणाला, ‘फोटो चुकला असेल, पण अत्याचार झालेच ना?’ झाले. म्हणूनच मला जास्त राग येतो. त्या लोकांचं दुःख खरं आहे, त्याचे पुरावे आहेत, साक्षी आहेत. त्यावर असा खोटा फोटो चिकटवला की अत्याचार झालेच नाहीत म्हणणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळतं. एक फोटो खोटा दाखवून ते बाकीचंही खोटं ठरवायला मोकळे होतात. अत्याचारांबद्दलच सांगायचं असेल तर मास्करेन्हसचा लेख पाठव, नेटवर पूर्ण मिळतो, मराठीत सारांश मी करून देते. आणि तो मेसेज ज्या ज्या ग्रुपवर टाकलास, तिथे तिथे तिसऱ्या फोटोबद्दल पारेखांनी काय छापलंय ते स्वतःच्या नावाने लिही. नुसता डिलीट करून चालणार नाही, तो पुढे गेलाय.