ऑल सोल्स मालिकेच्या लेखिकेला चेटकीण म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेले पंधरा दिवस आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मला स्वतःला तो चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला, काल मावशीने डोंबिवलीहून पण पाठवला, म्हणून शेवटी लिहायला बसले. मेसेजमध्ये थोडक्यात असं म्हटलंय: डेबोरा हार्कनेस नावाच्या अमेरिकन बाईने चेटकिणींवर ऑल सोल्स नावाची कादंबऱ्यांची मालिका लिहिली आहे, ती बाई स्वतः चेटूक करते, पुस्तकात खरे मंत्र आहेत, हे सगळं शाळकरी मुलांना नादाला लावायला काढलंय, त्यातला इतिहास बनावट आहे, आणि महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायद्याप्रमाणे असलं पुस्तक लायब्ररीत ठेवणंसुद्धा गुन्हा आहे, दिसलं तर तक्रार करा.

नुसता मेसेज असता तर मी डिलीट करून सोडून दिलं असतं. पण आमच्या क्लबहाउसमध्ये पुस्तकांचं एक लोखंडी कपाट आहे, लोकांनी दिलेल्या पुस्तकांवर चालतं, त्यातून या मालिकेचे तीन भाग गायब झाले. शोधले तेव्हा वॉचमनच्या केबिनमध्ये सापडले, सुतळीने करकचून बांधलेले, वर वहीच्या कागदाची चिठ्ठी, 'वाचू नये, घरी नेऊ नये'. सुतळीने वरच्या पुस्तकाचं कव्हर कडेला फाटलंय. ते बघून फार वाईट वाटलं, कारण ते माझे स्वतःचे भाग होते, मीच कपाटात ठेवले होते.

तर लेखिका चेटूक करते, यापासून सुरू करते. ही बाई इतिहासाची प्रोफेसर आहे, कॅलिफोर्नियाच्या एका मोठ्या विद्यापीठात विज्ञानाचा इतिहास शिकवते. तिचं १९९९ सालचं संशोधनाचं पुस्तक जॉन डी या माणसावर आहे, हा पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातला गणिती, राणीचा सल्लागार, त्याच्याकडे प्रचंड मोठं ग्रंथालय होतं आणि देवदूतांशी आपलं बोलणं होतं असं तो मनापासून मानायचा आणि ते सगळं लिहून ठेवायचा. हार्कनेसने त्या नोंदींचा अभ्यास केला, एवढ्यावरून तिला चेटकीण म्हणायचं असेल तर मग आपल्या रा. चिं. ढेऱ्यांनी आयुष्यभर खंडोबा, लज्जागौरी, नाथपंथ यांवर संशोधन केलं त्यांना काय म्हणणार? अभ्यास करणारा आणि ते करणारा यात फरक असतो हे आपल्याला मराठीत कोणी वेगळं समजवायची गरज नाही.

आणि तिने काय शोधलं ते सांगते, कारण मला ही गोष्ट कादंबरीपेक्षा जास्त आवडते. डीकडे सोयगा नावाचं एक हस्तलिखित होतं, त्यात अक्षरांनी भरलेले मोठेच्या मोठे चौकोनी तक्ते, एकूण ३६, आणि त्यांचा अर्थ डीलाही लागत नव्हता. तो गेल्यावर ते पुस्तक नाहीसं झालं, शेकडो वर्षं अभ्यासक धरून चालले होते की हरवलं. १९९४ मध्ये हार्कनेसला त्याच्या दोन प्रती सापडल्या, एक लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आणि एक ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात. म्हणजे हरवलं नव्हतंच, सूचीत 'अल्दाराया' या दुसऱ्या नावाने नोंदवलेलं होतं. आपल्याकडे कोणी ज्ञानेश्वरी शोधत बसावं आणि रजिस्टरात ती भावार्थदीपिका म्हणून लिहिलेली असावी, तसं. पुढे एका गणितज्ञाने ते तक्ते कुठल्या नियमाने भरलेत तेही उलगडलं. हे करायला सूची ओळ न् ओळ वाचायला लागते, मंत्र म्हणून होत नाही.

इतिहास बनावट आहे हा मुद्दाही इथेच येतो. पहिल्या कादंबरीची सुरुवात कशी होते, तर डायना बिशप नावाची इतिहासाची अभ्यासक बोडलियनमध्ये बसून ॲश्मोल ७८२ नंबरचं हस्तलिखित मागवते आणि ते उघडल्यावर पुढचं सगळं सुरू होतं. मेसेजवाले म्हणतायत, असं हस्तलिखित मुळात नाहीच. सूचीत हा नंबर खरोखर आहे आणि ते हस्तलिखित खरोखर जागेवर नाही! एलियास ॲश्मोल हा १७व्या शतकातला संग्राहक, त्याचा हस्तलिखितांचा संग्रह आज बोडलियनमध्ये आहे. पुस्तकातलं हस्तलिखित जादूचं आहे ही कल्पना, पण त्याची रिकामी जागा खरी. दुसऱ्या भागात पात्रं १५९० सालात जातात तिथे कवी मार्लो भेटतो, दर्यावर्दी वॉल्टर रॅली भेटतो, ही खरी माणसं, त्यांच्या तोंडचे संवाद अर्थातच लेखिकेचे. त्या काळच्या लंडनमध्ये विज्ञान कोण करत होतं यावर तिचं २००७ सालचं वेगळं पुस्तक आहे, त्यात सुईणी आहेत, औषधवाले आहेत, कर्जापायी तुरुंगात पडलेला आणि तिथे बसून रसायनांच्या नोंदी करणारा एक व्यापारी आहे. ते ज्ञान कादंबरीत पानोपानी दिसतं, कधीकधी जरा जास्तच, मान्य.

खरे मंत्र? हा आरोप करणाऱ्याने पुस्तक उघडलेलंच नाही हे इथे कळतं. डायना चेटकिणींच्या घराण्यातली असून तिला जादू धड येतच नाही, साधा मंत्र म्हटला तरी फसतो, आणि त्याचं कारण दुसऱ्या भागात कळतं (ज्यांना वाचायचंय त्यांनी पुढचं वाक्य सोडा). ती 'विणकर' प्रकारची चेटकीण असते, म्हणजे दुसऱ्याने रचलेले मंत्र तिला चालत नाहीत, स्वतःचे स्वतः रचायला लागतात. आता ज्या गोष्टीच्या नायिकेलाच पाठ केलेला मंत्र उपयोगी पडत नाही ती गोष्ट कोणाला मंत्र काय शिकवणार? जादूपेक्षा त्यात डीएनए जास्त आहे, नायक मॅथ्यू व्हॅम्पायर आहे पण धंद्याने जीवशास्त्रज्ञ, आपली जमात कमी का होतेय हे तो प्रयोगशाळेत शोधत असतो. आणि चेटकिणी, व्हॅम्पायर आणि डेमन (मालिकेतले तिसऱ्या जमातीचे, अफाट प्रतिभेचे पण विक्षिप्त जीव) असे एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे तिघे एका ठिकाणी शेजारी शेजारी बसतात, ते ठिकाण म्हणजे योगाचा क्लास.

शाळकरी मुलांचं म्हणाल तर ही पुस्तकं मुलांची नाहीतच, मोठ्यांसाठी आहेत, जाडजूड आहेत, नवराबायकोचं नातं आहे, हिंसा आहे. सहावी-सातवीतल्या मुलाच्या हातात मीही देणार नाही, आणि मॅथ्यूचं डायनावर सारखं मालकी गाजवणं मला स्वतःला खटकतं, त्यावर कॉलेजातल्या माझ्या भाचीशी माझं तासभर भांडण झालंय. 'हे मोठ्यांच्या कप्प्यात ठेवा' एवढंच कोणी म्हटलं असतं तर मी लगेच हो म्हटलं असतं.

आता कायदा. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा सकाळी फिरायला गेले असताना खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. ज्यासाठी त्या माणसाने इतकी वर्षं घातली त्या कायद्याचं नाव घेऊन लायब्ररीतली पुस्तकं बांधून ठेवायची, हे मला सहन होत नाही. कायद्याला एक अनुसूची जोडलेली आहे, त्यात १२ गोष्टी आहेत, आणि त्या गोष्टी म्हणजे कृत्यं आहेत. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला मारणं, चमत्कार दाखवून पैसे उकळणं, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं, बोटाने ऑपरेशन करतो म्हणून सांगणं, अशी. कादंबरी लिहिणं, वाचणं, कपाटात ठेवणं त्यात कुठेही नाही.

त्यात काय आहे ते मात्र मेसेज टाकणाऱ्यांनी बघावं. अमुक व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे रोगराई आली, असं म्हणून तिला बदनाम करणं, तिचं जगणं मुश्कील करणं हा या अनुसूचीतला गुन्हा आहे, शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं आणि दंड ५ हजार ते ५० हजार. हे कलम हवेतून आलेलं नाही, नंदुरबारकडे बाईला डाकीण ठरवतात, आपल्या ठाणे-पालघरच्या पाड्यांवर भुताळी म्हणतात, ताप कोणाच्या पोराला येतो, भगत नाव कोणाचं घेतो, आणि मार खाते ती बहुतेक वेळा एकटी राहणारी बाई. मी कोणावर केस करा म्हणत नाहीये. पण एका प्रोफेसर बाईला न वाचता चेटकीण म्हणून चार हजार लोकांत फिरवताना आपण कुठला शब्द वापरतोय याचा विचार करा.

डायनाचं बिशप हे आडनावसुद्धा अशाच एका प्रकरणातून आलंय. ब्रिजेट बिशप ही खरी बाई, अमेरिकेतल्या सेलम गावात चेटूक केल्याच्या आरोपावरून लोकांवर खटले चालले, त्यात पहिली फाशी तिला झाली, १० जून १६९२. कादंबरीत डायना तिची वंशज. कोर्टात ब्रिजेटविरुद्ध काय काय आलं तर शेजाऱ्याचं मूल आजारी पडलं, आणि तिच्या घराची तळघराची भिंत पाडताना गवंडीकाम करणाऱ्यांना भोकात टाचण्या टोचलेल्या चिंध्यांच्या बाहुल्या मिळाल्या म्हणे. टाचण्या टोचलेली बाहुली! मी हे वाचलं तेव्हा मला आजोळच्या गोष्टीच आठवल्या. सेलममध्ये एकूण १९ जणांना फासावर चढवलं, एका म्हाताऱ्याला छातीवर दगड रचून मारलं, आणि मॅसॅच्युसेट्स राज्याने ब्रिजेटचं नाव घेऊन ती निर्दोष होती असा कायदा केला तो २००१ मध्ये, ३०९ वर्षांनी.

तिन्ही भाग मी केबिनमधून परत आणलेत, फाटलेल्या कव्हरला आतून चिकटपट्टी लावली आहे, आणि वरच्या कप्प्यात मोठ्यांच्या पुस्तकांत ठेवलेत. कपाटाची चावी माझ्याकडे असते, रोज संध्याकाळी ७ ते ८. ज्यांनी चिठ्ठी लावली त्यांनी पण यावं, पहिला भाग न्यावा, वाचून झाल्यावर जे काय म्हणायचंय ते समोर बसून सांगावं, मी ऐकेन.