रांगेत उभ्या पंधरा पोरांचं काय?

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला सात वेळा आला. पी.टी. शिक्षकांच्या ग्रुपवर आला, एका पालकाने पाठवला, आणि एकदा तर माझ्याच जुन्या विद्यार्थ्याने ‘सर बघा, भारी आहे’ लिहून धाडला. ‘बेसबॉल डिफेन्सचा रामबाण सराव’ असं वर ठळक अक्षरात, आणि खाली कुणाचं नाव नाही. सार असं: क्रिकेट खेळणारी पोरं घ्या, फिल्डिंग वेगळी शिकवायची गरज नाही. अख्खी टीम रांगेत उभी करा, कोचने स्वतः एकेकाला बॉल मारावा, शिस्त लागते. रोज तीन तास. चुकला की ग्राउंडला राउंड. आउटफिल्डरने, म्हणजे बेसच्या मागं लांब उभ्या फिल्डरने, थेट होमला (बॅटर जिथून पळतो आणि फर्स्ट, सेकंड, थर्ड या बेसवरून फिरून परत येऊन रन काढतो ती जागा) फेकायला शिकावं. आणि कोणी कुठं पळायचं हे डावपेच स्पर्धेच्या दोन दिवस आधी सांगितले तरी भागतं.

मी सांगलीत अकरा वर्षं शाळेच्या पोरांना सॉफ्टबॉल आणि बेसबॉल शिकवतोय. या यादीतल्या चार गोष्टी मी स्वतः इमानेइतबारे केलेल्या आहेत, त्यामुळे हा प्रतिवाद थोडा माझा मलाही आहे.

आधी रांग, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथं होतं. एकदा पाय मुरगळला म्हणून मी कट्ट्यावर बसलो होतो आणि सहशिक्षक बॉल मारत होते. बसल्या बसल्या एका आठवीतल्या पोरावर घड्याळ लावलं. बॉल मारणं, अडवणं, परत फेकणं, पुढचा तयार होणं, यात साधारण पंधरा सेकंद जातात. मिनिटाला चार, तासाला २४० बॉल. ऐकायला दणदणीत वाटतं. पण पोरं सोळा! म्हणजे तासाला एकाच्या वाट्याला पंधरा बॉल, आणि एका बॉलवर तो हलतो जेमतेम सहा सेकंद. साठ मिनिटांत दीड मिनिट खेळ. उरलेल्या वेळात पोरगं काय करतं? बुटाच्या टोकानं माती उकरतं, पुढच्याच्या कॉलरमध्ये गवत टाकतं. रांग सरळ असते म्हणून लांबून शिस्त दिसते, एवढंच.

आता आम्ही चार गट करतो. डावा इनफिल्ड म्हणजे बेसजवळचे थर्ड, शॉर्ट (सेकंड आणि थर्डच्या मधला) आणि सेकंड: होमच्या डाव्या बाजूला उभा राहून एकजण त्यांना बॉल मारतो आणि त्यांचा बॉल सेकंड बेसवरच थांबतो. उजव्या बाजूला दुसरा मारणारा: तो फर्स्ट बेसवाल्याला बॉल मारतो, आणि पिचर (बॅटरला बॉल टाकणारा) मधल्या माउंडवरून पळत येऊन फर्स्टचं पोतं (आमचे बेस पोत्यांचेच) कव्हर करतो. दोन्हीकडचे थ्रो आपापल्या अर्ध्यात राहतात, एकमेकांना छेदत नाहीत, म्हणून कुणाच्या डोक्यात बॉल बसत नाही. तिसरा जण फाउल लाइनच्या, म्हणजे कडेच्या रेघेच्या, बाहेरून आउटफिल्डला उंच बॉल देतो. चौथा गट कंपाउंडच्या भिंतीवर, टेनिस बॉल घेऊन, हातात ग्लोव्ह नाही; तिथं भिंतच कोच. वीस मिनिटांत प्रत्येकाला वीस बॉल मिळतात. तासाभराच्या रांगेत पंधरा मिळत होते.

‘पण मारणार कोण?’ हा प्रश्न येतोच. मी, सहशिक्षक, आणि मागच्या वर्षी दहावी होऊन गेलेलं एखादं पोरगं. अमेरिकेत याच कामासाठी फंगो नावाची लांब, हलकी बॅट मिळते. आमच्याकडे नाही, जुनी बॅट चालते. तीही ज्याच्या हातात बसत नाही त्याने सरळ गुडघ्यावर बसून हाताने बॉल लोळवावा. सहावी-सातवीच्या पोरांना तर मी हातानेच देतो, कारण तो बॉल पाहिजे तिथंच जातो. कोचने सणसणीत मारलेले निम्मे बॉल पोरांच्या उजव्या-डाव्या बाजूनं निघून जातात आणि ते आणण्यात सराव संपतो.

क्रिकेटचा मुद्दा. विजय हजारे १९१५ साली ज्या गावात जन्मले तिथं बसून क्रिकेटला कमी लेखायची माझी टाप नाही. क्रिकेटवाल्या पोरांना बॉलची भीती नसते, हात मऊ असतात, खांदा तयार असतो. माझ्या टीममध्ये निम्मी तीच आहेत. पण त्यांना दोन गोष्टी विसरायला लावण्यात माझा पहिला महिना जातो.

एक म्हणजे स्टंप. क्रिकेटमध्ये रनआउट करायचा तर यष्टी उडवावी लागते, म्हणून पोरगं सवयीनं खाली, बेसच्या पोत्यावर नेम धरून फेकतं. आमचे बेस मार्केट यार्डातून आणलेल्या हळदीच्या बारदानाचे, आत लाकडाचा भुसा. त्याला बॉल लागून काही होत नाही. पिवळी धूळ उडते आणि रनर सुखानं उभा राहतो. बेसबॉलमध्ये बॅटर फर्स्टकडे पळताना त्याला शिवायचीही गरज नसते. फर्स्ट बेसवाल्याच्या ग्लोव्हमध्ये बॉल आणि पाय पोत्यावर, बस्स, आउट. म्हणून थ्रो त्याच्या छातीवर हवा. एका पोराला मी महिनाभर सांगत होतो, ‘पोत्यावर नको रे, छातीवर.’ शेवटी तो वैतागून म्हणाला, ‘सर, मग तिथं माणूस कशाला, पोतंच उभं करा की!’ दुसऱ्या दिवशी खरंच केलं. एक पोतं बांबूला छातीच्या उंचीवर बांधलं आणि त्यावर नेम धरायला लावला. तीन दिवसांत थ्रो वर आले. ही कल्पना त्याची, माझी नाही.

दुसरी सवय गुडघा टेकून बॉल अडवायची. क्रिकेटमध्ये चौकार वाचवायला ती उत्तम. इथं बॉल नुसता अडवून चालत नाही, बॅटर पोचायच्या आत फर्स्टला पोचवायचा असतो. दोन बेसमधलं अंतर ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर. अमेरिकेतला व्यावसायिक खेळाडू ते साधारण सव्वाचार सेकंदांत कापतो, आमची पोरं पाच-साडेपाचमध्ये. गुडघा टेकून उठेपर्यंत त्यातला एक सेकंद गेला. पाय रुंद, बूड खाली, ग्लोव्ह जमिनीला लागलेला आणि बॉल शरीराच्या पुढं घ्यायचा, की उचलतानाच फेकायचं पाऊल पडतं.

जाता जाता सांगतो, दोन बेसमध्ये अडकलेल्या रनरला घेरायचं असलं की माझी पहिली पसंती खो-खोवाल्यांना. बॉल मोकळ्या हातात उंच धरून, पूर्ण वेगानं, रनरला मागच्या बेसकडे हाकत न्यायचं आणि जमलं तर एकाच थ्रोत संपवायचं. क्रिकेटची पोरं तिथं नुसती झेलाझेली करत बसतात, आणि प्रत्येक जादा थ्रो म्हणजे हातातून सुटायची एक जादा संधी. खो-खोवाल्याला पाठलाग शिकवावा लागत नाही.

रोज तीन तास? आमच्या ग्राउंडवर साडेपाचला कबड्डीवाले येतात, पलीकडे टेनिस बॉलची मॅच चालू असते, सातला अंधार. दीड तास मिळतो आणि तो पुरतो. दमलेल्या पोराचा खांदा खाली येतो, थ्रो वर जातो, आणि तेवढंच पक्कं होतं. पुढं लिहायची गरज वाटत नाही.

चुकला की राउंड: हे मी पाच वर्षं केलं. त्यातून तयार झाला तो हुशार पोरगा, जो अवघड बॉलपर्यंत पोचतच नाही. पोचला नाही तर चूकही नाही, मग राउंडही नाही! अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये टीमची फिल्डिंगची टक्केवारी ९८.५ च्या आसपास असते, म्हणजे जगातले उत्तम खेळाडूसुद्धा शंभरात एक-दोन चुका करतात, आणि त्या स्कोअरबोर्डवर रन आणि हिटच्या शेजारी सगळ्या स्टेडियमला दिसतात. आता मी एवढंच करतो: चुकला की तोच बॉल, त्याच पोराला, लगेच. राउंड मारून येईपर्यंत हात काय चुकला हे तो विसरलेला असतो.

आउटफिल्डरच्या थेट थ्रोबद्दल मेसेजमध्ये ‘तोफ’ असा शब्द आहे. दिसायला तो थ्रो खरंच देखणा असतो. बॉल आभाळातून जातो, पालक टाळ्या वाजवतात. पण उंच गेलेला बॉल हवेत वेळ खातो, आणि दुसरं नुकसान कुणाच्या लक्षातच येत नाही: बॉल मधल्या माणसाच्या डोक्यावरून चाललाय हे बघून बॅटर फर्स्टवरून निवांत सेकंडला जातो. होमला रन वाचत नाही तो नाहीच, वर पुढच्या रनची तयारी झाली. म्हणून मधे कटचा माणूस. लेफ्टच्या आउटफिल्डरकडून होमला थ्रो असेल तर थर्ड बेसवाला, सेंटर आणि राइटकडून असेल तर फर्स्ट बेसवाला, दोन्ही हात वर करून, होमच्या सरळ रेषेत. थ्रो त्याच्या डोक्याच्या उंचीनं यायचा. मागून कॅचर (होमच्या मागं बसणारा) ओरडतो: ‘सोड!’ म्हणजे जाऊ दे, ‘कट दोन!’ म्हणजे पकड आणि सेकंडला मार. आधी आम्ही लांबलचक इंग्रजी वाक्यं ओरडायचो. गोंगाटात कुणाला काही कळायचं नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, डावपेच दोन दिवस आधी. यावर मला राग येतो, कारण डिफेन्स म्हणजे मुख्यतः हेच आहे. बॉल एकाकडे जातो तेव्हा उरलेल्या आठांनी काय करायचं? समजा फर्स्टवर रनर आहे आणि बॅटरनं बंट केला, म्हणजे बॅट नुसती धरून बॉल जवळच पाडला. फर्स्ट आणि थर्ड दोघं बॉलवर धावले. मग फर्स्टला कोण? सेकंड बेसवाला. सेकंडला? शॉर्ट. आणि मोकळ्या पडलेल्या थर्डला? बंट थर्ड बेसवाल्यानं उचलला तर कॅचरनं पळत जायचं. दोन दिवसांत हे पाठ होतं, पण पायात उतरत नाही.

यासाठी बॉलसुद्धा लागत नाही. नऊ जण आपापल्या जागी उभे, मी होमवरून ओरडतो, ‘रनर फर्स्टवर, बंट, थर्डच्या बाजूला!’ आणि सगळे पळतात. चार सेकंदांनी ‘थांब!’ म्हणालो की जिथं असतील तिथं गोठतात. मग नुसतं बघायचं, कोण कुठं उभा आहे. सुरुवातीला तिघं-चौघं जागचे हललेलेच नसतात. मागं राहून आधार द्यायच्या जागांवर मी फक्कीचे गोल मारून ठेवतो. दोन आठवड्यांत गोल पुसले जातात, पुन्हा मारावे लागत नाहीत. रोज दहा मिनिटं, पहिल्या दिवसापासून. उंच बॉल कुणाचा हेही इथंच ठरतं: आउटफिल्डर आणि इनफिल्डर दोघं आले तर आउटफिल्डरचा, आउटफिल्डमध्ये सेंटरचा शब्द शेवटचा, इनफिल्डमध्ये शॉर्टचा. ‘माझा’ तीनदा, मोठ्यानं. एका जिल्हा स्पर्धेत आमचा बॉल तीन पोरांच्या मधोमध टप्पकन पडला होता. तिघंही एकमेकांकडे बघत होते, अगदी सभ्यपणे. डावपेच मी त्या वर्षी दोन दिवस आधीच सांगितले होते.

आमच्या राइट फिल्डला एक बुटकं पोरगं आहे. शालेय बेसबॉलमध्ये राइटला बॉल फारसा जात नाही, म्हणून तिथं सगळ्यात कच्चा खेळाडू उभा करतात. मीही तसंच केलं होतं. त्याचं काम एकच: इनफिल्डमधून फर्स्टला थ्रो गेला की दर वेळी फर्स्टच्या मागं पळत यायचं. सरावात तो तीस-चाळीस वेळा पळतो आणि बहुतेक वेळा हात हलवत परत जातो. कुरकुरायचा, ‘सर, मला बॉल कधी?’ यंदाच्या एका मॅचमध्ये शेवटच्या इनिंगला, एका रनची आघाडी असताना, शॉर्टचा थ्रो फर्स्टवाल्याच्या डोक्यावरून गेला. बॅटर सेकंडकडे वळला, चार पावलं गेला आणि थबकून परत फर्स्टला आला, कारण बॉल त्या बुटक्याच्या ग्लोव्हमध्ये होता. पुढचा बॅटर आउट झाला, मॅच संपली. नंतर स्कोअरशीट बघितली तर त्या खेळात शॉर्टच्या नावावर चूक होती. शीटवर प्रत्येक जागेला आकडा असतो; राइट फिल्डचा नऊ आकडा त्या पानावर कुठंच नव्हता. त्यानंही शीट बघितली, आणि विचारलं, ‘सर, उद्या पण मी राइटलाच ना?’