आकडा टाकू काय?

ग्राफिक्स कार्ड घ्यायचं म्हटलं की शहाणा माणूस आधी वेग पाहतो, मग किंमत पाहतो आणि शेवटी घरी सांगायची किंमत ठरवतो. माझा डबा बुटका असल्यामुळे मला हा क्रम पाळता आला नाही. मला सुरुवातच उंचीपासून करावी लागली.

डबा म्हणजे कॉम्प्युटर. नागपूरच्या सीताबर्डीवरून आणलेला, कुठल्याशा ऑफिसातून सेवानिवृत्त झालेला, चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह. स्टँडवरच्या माझ्या दुकानात एका बाजूला झेरॉक्स, दुसऱ्या बाजूला कूलर आणि मधे गिऱ्हाइकाचा स्टूल. उरलेल्या जागेत बसेल असाच कॉम्प्युटर पाहिजे होता, आणि तो बसला.

फ्लेक्सच्या कामाला त्याची काही तक्रार नव्हती. दहा बाय वीसच्या फ्लेक्सवर मधोमध गॉगलवाले भाऊ आणि खाली पासपोर्ट साइझचे शुभेच्छुक, हे काम रॅमवर निघून जातं. पोळा, तान्हा पोळा, गणपती, ग्रामपंचायत, सगळं त्याने रेटलं. घोळ केला तो ड्रोनने. हल्ली आमच्याकडे नवरदेवाच्या आधी मांडवात ड्रोन येतो आणि जाताना फोर-के, एच.265 पद्धतीने आवळून बांधलेला व्हिडिओ असलं सामान माझ्या पेनड्राइव्हमध्ये टाकून जातो. चौथ्या पिढीच्या प्रोसेसरच्या आत एच.265 उलगडायची सोयच नाही. टाइमलाइनवर क्लिप टाकली की मंगलाष्टकं पुढे निघून जातात आणि अक्षता हवेतच राहतात.

ती सोय ग्राफिक्स कार्डात मिळते, म्हणून कोणतं घेऊ ते पोट्ट्यांना विचारलं. पोट्टे म्हणाले, "भाऊ, डोळे झाकून 3060 घ्या."

डोळे उघडे ठेवून झाकण काढलं. आतून आधी कापूस निघाला. आमच्याकडे वेचणीच्या दिवसांत रुई कुठेही जाते, जेवणाच्या डब्यात जाते तशी याही डब्यात गेली होती. ती उपसल्यावर शेजारच्या टेलरकाकांनी गळ्यातला टेप काढला आणि कुणी न सांगता माप घ्यायला लागले. पूर्ण उंचीचं कार्ड साधारण 11 सेंटीमीटर, आणि आमच्या डब्यात जागा जेमतेम 7 ची.

"उंचीले कमी हाये भाऊ," काका म्हणाले. "कार्ड आल्टर करून भेटत नाई काय?"

हसू नका. प्रश्न बरोबर होता. 'लो-प्रोफाइल' नावाची बुटकी कार्डं खास असल्या डब्यांसाठीच निघतात. कार्डाच्या टोकाला जी पत्र्याची पट्टी असते, ती लांब काढून आखूड लावता येते. मूळ पाटीच उंच असेल तर मात्र काकांची कात्री चालत नाही.

मग जाडी. जीटीएक्स 1650 बुटकं मिळतं, पण मला दिसलेली सगळी कार्ड बसवायच्या दोन खाचांची जागा खाणारी होती. माझ्या डब्यात त्या खाचेला लागून पॉवर सप्लायची भिंत आहे. म्हणजे तेही गेलं.

तेवढ्यात वायरमन आला. विजेचा विषय निघाला की हा माणूस कसा कोण जाणे, पण येतोच.

"सप्लाय कितीचा?"

"240 वॅट."

"पुऱ्या कॉम्प्युटरचा?" त्याने माझ्या कूलरकडे पाहिलं आणि बिचारा गप्प झाला. मग त्याला समजावलं, की मोठ्या कार्डांना सप्लायमधून वेगळी वायर लागते, पोट्टे सांगतात ते 3060 तर एकटंच 170 वॅट ओढतं. आपल्या डब्यात तसली वायरच निघत नाही. जे काय मिळेल ते मदरबोर्डच्या खाचेतून, तेही नियमाने फार तर 75 वॅट. काही बुटक्या डब्यांत कंपनी त्याहूनही कमी देते, म्हणून मॅन्युअल वाचूनच पुढे जायचं.

वायरमनने सवयीने बाहेरच्या खांबाकडे पाहिलं. "मंग आकडा टाकू काय?"

उंची गेली, जाडी गेली, वॅट गेले, आणि 'उत्तम ग्राफिक्स कार्ड' म्हणून ज्यांचं जगभर कौतुक चालतं ती सगळी मंडळी दाराबाहेरच राहिली. आत येण्यासारखी मोजकीच. पहिलं जीटी 1030. फार तर 30 वॅट, अगदी गुणी. पण या नावाची कार्डं दोन आहेत. 2017 साली आलं त्यात जीडीडीआर5 मेमरी आणि सेकंदाला 48 जीबीचा वेग. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर4 वालं आलं, वेग साधारण 17. दुकानदाराला फोनवर विचारलं, कोणतं आहे? "सेमच हाये दादा, नावं पाहा न." नाव सेमच होतं, त्यात तो खोटं बोलला नाही. शिवाय दोन्हीत व्हिडिओ उलगडायची सोय आहे, पण तयार व्हिडिओ बांधून द्यायचा एन्कोडर नाही. मला लग्न नुसतं बघायचं नव्हतं, पेनड्राइव्हमध्ये भरून द्यायचं होतं.

दुसरं आरएक्स 6400. यालाही एन्कोडर नाही. वर हे चारच लेनवर, म्हणजे मदरबोर्डशी बोलायच्या चारच वाटांवर चालतं. त्या वाटा नव्या पिढीच्या, म्हणजे पीसीआय एक्सप्रेस 4 च्या असतील तर निभतं, आमच्या जुन्या डब्यात 3 आहे, तिथे बोलण्याचा वेग निम्म्यावर येतो. नवी खरेदी करून निम्मं सामान आणायला माझा काही लिलाव चालला नव्हता.

राहिलं टी600. ऑफिसवाल्यांसाठी बनवलेलं, बुटकं, एका खाचेचं, 40 वॅट, 4 जीबी, आणि एन्कोडर आहे. गेम खेळणाऱ्यांनी याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही याचा मला मनापासून आनंद झाला. जुनं घ्यायचं ठरलं. घरी बाबांनी विचारलं, "किती क्विंटलचं हाये?"

"कापसाच्या भावाने का सोयाबीनच्या?" मी विचारलं. आमच्या घरात या प्रश्नानंतर पुढे बोलणं होत नाही, दोन्ही भाव सारखेच लागतात.

विकणाऱ्याने पाठवलेल्या फोटोत लांब पट्टी दिसत होती. आखूड पट्टी आहे का, विचारलं. "भेटेल," म्हणाला. कुरियर तालुक्यालाच थांबतं, तिथून एसटीने मांडीवर घेऊन आलो. खोकं उघडलं तर कार्ड उत्तम, पट्टी लांबच. फोन केला. "भेटेल," तो पुन्हा म्हणाला, त्याच गोड आवाजात.

वेल्डिंगवाल्याकडे गेलो. त्याने कार्ड पाहिलं, डबा पाहिला आणि ग्राइंडर उचलला. "डब्याले वरून खिडकी पाडून देतो न. हवा बी खेळते." मोठ्या मिनतवारीने त्याला पट्टीवर आणलं. तेलाच्या डब्याचा पत्रा, त्यात कानशीने चार बारीक भोकं, कारण या कार्डाला साधं एचडीएमआय नाही, चार मिनी डिस्प्लेपोर्ट आहेत. पट्टीच्या आतल्या बाजूला सूर्यफुलाची एक पाकळी अजून दिसते.

माझा मॉनिटर निळ्या पिनचा, व्हीजीएवाला. मिनी डिस्प्लेपोर्टवरून तिथे यायला मधे चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, तो आर्वीत नाही, वर्ध्यात नाही, शेवटी नागपूरहून आला. पण त्या दिवसापासून क्लिप सरसर चालते. अक्षता पडतात, वाजंत्री त्याच वेळी वाजते, नवरी हसते तेव्हाच हसते.

गेल्या आठवड्यात एका नवरदेवाचे मामा स्टुलावर बसून आपल्या भाच्याचं लग्न पाहत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, हे लय पटपट होऊन राह्यलं. जरा स्लो मोशनमध्ये करून द्या न."