बास म्हटलं तरी वाढणारा शब्द

२०२३ च्या अधिक श्रावणात दोन गोष्टी एकाच आठवड्यात माझ्या राशीला आल्या. एक इंग्लिश शब्द आणि दुसरं सासुरवाडीचं जेवण.

शब्द आधी आला. साहेबांच्या मेलमध्ये होतं की खर्चात 'इनेक्झॉरेबल' वाढ होतेय. साहेबांना साधं बोलता येत नाही हे सगळ्या ऑफिसला माहितेय, पण म्हटलं मीटिंगमध्ये आपणही हाच शब्द फेकावा, अप्रेझलला बरं पडेल, म्हणून छाती काढून फेकला, 'इन-एक्झो-रेबल'! तर परवा जॉइन झालेलं पोरगं हळूच म्हणतं, "सर, जोर 'एक्' वर. इन-एक्-सरबल." मी पाणी प्यायलो. बराच वेळ प्यायलो.

घरी येऊन लेकीला विचारलं, ती जीआरईला बसली होती. म्हणाली, "रिलेंटलेसचा सुटाबुटातला भाऊ समज, बोलताना कुणी वापरत नाही." म्हटलं मराठीत सांग, 'अटळ' का?

"ते इनएव्हिटेबल."

"मग अविरत?"

"बाबा, पंखापण अविरत फिरतो. त्याच्या पाया पडतोस का?"

'निष्ठुर' माणसाला चाललं असतं पण खर्चाला कोण निष्ठुर म्हणणार. शेवटी तिने मोबाइलवर मुळापासून काढलं. लॅटिनमध्ये 'ओरारे' म्हणजे विनवणं, 'एक्सोरारे' म्हणजे विनवून विनवून समोरच्याला वळवणं, आणि पुढे नकाराचा 'इन'. थोडक्यात हातापाया पडा, गयावया करा, पाझर फुटणार नाही. न बधणारा! एवढा सोपा शब्द आपल्याकडे असताना मी दोन दिवस डोकं फोडत होतो. वापर म्हणे हल्ली माणसांपेक्षा काळ, नशीब, तर्क, वाढ, घसरण असल्यांसाठी जास्त, पक्का वैरी असेल तर 'इम्प्लॅकेबल' जास्त शोभतं. आणि 'एक्झॉरेबल' हाही शब्द डिक्शनरीत आहे पण वापरात जवळपास नाहीच, बधणारी माणसंच संपली असावीत.

माणसांपेक्षा गोष्टींसाठी, हे लिहिणारे सांगलीला आमच्या सासूबाईंच्या पंगतीला बसलेले नाहीत.

अधिक महिना साधारण पावणेतीन वर्षांनी येतो ही निसर्गाची कृपा, कारण त्यात जावयाला बोलावून वाण द्यायचं आणि खाऊ घालायचं असतं. लग्नाला २४ वर्षं झाली, शुगर बॉर्डरवर आहे, डॉक्टरांनी हात जोडून सांगितलंय, पण पानात पहिली पुरणपोळी पडली, वर तुपाची धार, मी म्हटलं बास, दुसरी पडली. म्हटलं आई खरंच नको, "एवढीशी तर आहे, घ्या हो, लाजता काय," तिसरी. मी पानावर हात आडवा धरला तर हाताच्या कडेने अर्धी सरकवली, म्हणजे मोजणीत तीच धरायची नाही. शुगरचं सांगितलं तर म्हणाल्या, "पुरणात गूळ आहे, साखर कुठाय?" मग मी खरंच काकुळतीला आलो, बायकोकडे बघितलं, ती आमटीत बघत होती. आणि तेवढ्यात लेक माझ्या कानाशी येऊन अगदी शुद्ध उच्चारात, जोर 'एक्' वर देऊन, तो शब्द म्हणाली.

हसू आलं आणि तोंड उघडलं. त्यात कटाची आमटी गेली.

परतताना पट्टा सैल करून गाडीत पडलो होतो. लेक म्हणाली, "बाबा, अ‍ॅडोर माहितेय ना? तोपण त्याच ओरारेवरून आलाय." मी काही बोललो नाही, बोलण्याइतकी जागाच नव्हती. मांडीवर वाणाचे ३३ अनारसे होते आणि त्यावर एक वेगळा डबा, वाटेत भूक लागली तर.