लायनर नवे, तरी मागचा ब्रेक ढिला: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार दादा,

पिकअपच्या लोड व्हॉल्व्हबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा त्यातलं निम्मं पटलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पिकअपचा मागचा ब्रेक कमी लागला की लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारी पट्टी), व्हील सिलिंडर (ब्रेक ऑईलच्या दाबानं लायनर ड्रमवर दाबणारा भाग) आणि पाइपात अडकलेली हवा, एवढंच बघायचं असतं, लोड व्हॉल्व्हचं (मालाप्रमाणे मागच्या ब्रेकचं प्रेशर कमी-जास्त करणाऱ्या व्हॉल्व्हचं) खूळ काढून मी ड्रायव्हर लोकांना उगाच घाबरवतोय, तुमच्या मेस्त्रीनं तो व्हॉल्व्ह चार वर्षांपूर्वीच काढून पाइप सरळ जोडला आणि गाडी झकास थांबते. शिवाय व्हॉल्व्हचा रॉड ‘अंदाजानं बसवा’ असं मी लिहिलं, त्यावरून झापलंयत.

शेवटचं आधी घेतो. तिथे चूक माझीच. रॉड कंपनीच्या मॅन्युअलमधल्या मापानंच बसवायचा, डोळ्यानं नाही. ते वाक्य काढून टाकलंय.

बाकीचं मात्र मला मान्य नाही, कारण तुम्ही सांगताय ते सगळं मी पैसे घालून करून बघितलंय. माझी गाडी नारायणगावहून टोमॅटो भरून आळेफाटा, ओतूर करत माळशेज उतरते आणि कल्याणला जाते. भरली की मागे फार बसायची, म्हणून दोन्ही बाजूंना स्प्रिंगचा एकेक जादा पाटा टाकून घेतला. गाडी ताठ उभी राहायला लागली, मीही खूश. पण घाटात पाय दाबला की पुढचं नाक खाली जायचं आणि मागून कुणी ढकलतंय असं वाटायचं. लायनर नवे टाकले. ड्रम लेथवर घेतले. सिलिंडरचे किट बदलले, तीनदा हवा काढली. ब्रेक होता तसाच.

लोड व्हॉल्व्ह चेसीला असतो आणि त्याचा रॉड खाली हौसिंगला, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या आवरणाला, जोडलेला असतो. माल भरला की चेसी खाली बसते, दोघांतलं अंतर कमी होतं आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त प्रेशर सोडतो. रिकाम्या गाडीत उलटं. म्हणजे त्याला वजन कळत नाही, फक्त अंतर कळतं. मी पाटे कडक केले, चेसी बसेना, आणि दीड टन माल असताना व्हॉल्व्ह समजत होता की गाडी रिकामी आहे. लायनर कितीही नवे असोत, तिथवर जोरच पोचत नव्हता.

हे ओळखायला एक साधी गोष्ट पुरते. बहुतेक पिकअपचा हँडब्रेक मागचेच लायनर ओढतो, पण वायरनं. त्यात ब्रेक ऑईलचा संबंध येत नाही. भरलेली गाडी हलक्या उतारावर न्यूट्रल करून हँडब्रेकवर धरा, चाकापुढे लाकडी ओंडका ठेवा आणि एक माणूस बाजूला उभा करा. हँडब्रेक घट्ट धरतोय आणि पायाचा ब्रेक मागे कमी लागतोय, तर लायनर-ड्रमच्या मागे लागू नका. व्हॉल्व्ह, होज (रबरी नळी), पाइप बघा. दोन्ही ढिले असतील तर तुमचा मेस्त्री बरोबर: ॲडजस्टर (लायनर आणि ड्रममधलं अंतर राखणारा भाग) गंजून अडकलाय, लायनर चकाकलेत, नाहीतर आत तेल उतरलंय.

ड्रममध्ये उतरणाऱ्या या तेलाकडेही बघा असं तुम्ही लिहिलंत, ते मात्र मोलाचं आहे. त्यात माझी भर एवढीच की सारखं सारखं ऑईल सील (तेल अडवणारी रबरी कडी) जात असेल तर हौसिंगवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी छोटी वाट) चिखलानं बुजलाय का बघा. आतली हवा तापून फुगते, वाट मिळाली नाही की सीलमधून तेल ढकलते. कुठलं तेल आहे ते कळायला वास घ्या: गिअर ऑईलला गंधकासारखा उग्र दर्प येतो, ब्रेक ऑईलला तसा येत नाही.

आणि हवा काढताना गाडी चेसीला जॅक लावून उचलू नका. हौसिंग खाली लोंबतं, रॉड खाली ओढला जातो, काही गाड्यांत मागच्या निपलमधून (हवा काढायच्या तोटीतून) धड ऑईलच येत नाही. आमच्याकडे याच कारणानं, पाइप तुंबलाय असं समजून, एक चांगला पाइप कापला गेलाय. चाकं जमिनीवर असू द्या.

आता तुमचा सरळ जोडलेला पाइप. भरल्या गाडीला तो झकास लागणारच, त्याबद्दल वाद नाही. पण परतीचं काय? ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं, रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर जेमतेम भार उरतो, आणि त्यांनाच पूर्ण प्रेशर मिळतं. ती लॉक होतात. मागच्या जूनमध्ये आमच्यातल्याच एकाची अशीच पाइप जोडलेली गाडी, मागे नुसते रिकामे क्रेट, मुरबाडच्या पुढे रिमझिम पावसात अर्धी गिरकी घेऊन आली त्या दिशेला तोंड करून उभी राहिली. समोरून एसटी नव्हती म्हणून बरं. ड्रायव्हर खाली उतरला आणि बराच वेळ नुसता क्रेट गोळा करत राहिला.

मी शेवटी जादा पाटे काढून टाकले आणि रॉड मापात बसवून घेतला. आता दहा क्रेट कमी भरतो. व्यापारी दर खेपेला कुरकुर करतो.

तुमच्या गाडीला जादा पाटे आहेत का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. असतील, तर व्हॉल्व्ह काढायच्या आधी ब्रेक कधीपासून ढिला झाला होता, पाटे टाकल्यावर की त्याआधीच, तेवढं आठवून कळवा.