आमचा ब्राझील आणि क्लोस

आमच्या कट्ट्यावर एकाचं नावच ब्राझील पडलंय. फुटबॉलचा वर्ल्डकप आला की कोल्हापुरात पेठापेठांत झेंडे लागतात, आणि याच्या दारात पिवळ्याशिवाय दुसरा रंग दिसत नाही. अशा माणसासमोर परवा मास्तरांनी जर्मनीचा स्ट्रायकर मिरोस्लाव्ह क्लोसचं नाव काढलं. मुद्दाम काढलं, माझी खात्री आहे.

"२०१६ ला खेळ सोडला त्यानं. अजून आपली पोरं गोल मारला की त्याच्यासारखी कोलांटी घेतात. गेर्ड म्युलर त्याच्याहून भारी, जर्मनीसाठी ६२ मॅचात ६८ गोल. मग जीव क्लोसवरच का?"

ब्राझील पेटलाच. "कसला क्लोस! गोलच्या तोंडात उभारायचं आणि आलेला बॉल ढकलायचा. २००२ च्या वर्ल्डकपला पाच मारले, त्यातले तीन सौदीला. आठ-शून्याच्या मॅचमध्ये मीबी एक मारला असता."

"पाचच्या पाच हेडर होते, भावा," धाकटा म्हणाला. "तुला कांद्याभजी पण डोक्यानं झेलता येत नाही."

मास्तरांचं म्हणणं वेगळं होतं. पोलंडमध्ये जन्मलेलं पोरगं, लहानपणी जर्मनीत आलं, सुतारकाम शिकलं. विशी आली तरी खालच्याच डिव्हिजनमध्ये. कैझरस्लाउटर्न क्लबकडून बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, उतरला तेव्हा २१ वर्षांचा. लोकांना त्याच्यात आपल्यातला कुणीतरी दिसतो, असं मास्तर म्हणतात. मला हे अर्धंच पटतं. गरिबीतून आलेले ढीगभर आहेत, सगळ्यांवर कुठं कोण जीव टाकतं?

मला विचाराल तर खरं कारण इटलीतल्या नेपल्सचं. सप्टेंबर २०१२, क्लोसचा क्लब लाझिओ विरुद्ध नापोली, मॅच नुकतीच सुरू झालेली. क्लोसचा गोल रेफ्रीनं दिला. हा स्वतः जाऊन सांगतो, बॉल हाताला लागलाय. गोल रद्द. नापोलीच्या खेळाडूंनी येऊन हात मिळवले.

"आणि मॅच?" ब्राझील.

"तीन-शून्य हरले."

"बघ! कुणी सांगितलं होतं शहाणपण?"

"शाहू स्टेडियमवर, आपल्या तालमीच्या टीमच्या फायनलला, तू सांगितलं असतंस?"

यावर कट्टा एकदम गप्प. ब्राझील बूट बघत बसला. त्याच्या एका जुन्या गोलाबद्दल पेठेत अजून कुजबूज आहे, जास्त बोलत नाही.

मग व्हायचं तेच झालं, विषय ८ जुलै २०१४ वर गेला, वर्ल्डकपची जर्मनी-ब्राझील सेमीफायनल. आपल्याकडं रात्री दीडची मॅच. तेविसाव्या मिनिटाला क्लोसचा पहिला फटका ब्राझीलचा गोलकीपर ज्युलिओ सीझरनं अडवला, परत आलेला बॉल त्यानं आत घातला. मॅचमधला जर्मनीचा दुसरा, वर्ल्डकपमधला त्याचा सोळावा गोल. ब्राझीलच्या रोनाल्डोचा १५ चा विक्रम गेला, तोही ब्राझील देशातच, रोनाल्डो कॉमेंट्रीला बसलेला असताना. पुढच्या सहा मिनिटांत जर्मनीचे आणखी तीन. आमचा ब्राझील तेव्हा पाच-शून्यालाच उठून घरी गेला होता, दोन दिवस कट्ट्यावर फिरकला नाही.

"तुला राग नाही येत त्याचा?" धाकट्यानं विचारलं.

ब्राझीलनं चहाचा कप खाली ठेवला. "बाकीच्यांचा येतो. सात मारल्यात, विसरतोय व्हय? पण त्या क्लोसला शिवी द्यायला गेलं की तोंडात येत नाही, लेका." मग लगेच सावरून म्हणाला, "आणि २००२ ची फायनल पण तोच खेळला होता. दोन-शून्य, आम्ही जिंकलो. दोन्ही रोनाल्डोचे. ते लिही."

लिहिलं.