कमरेचं माप गळ्याला लावू नका

मार्च २०२१ मध्ये उत्तराखंडचे तेव्हाचे मुख्यमंत्री तीरथसिंह रावत फाटक्या जीन्सवर बोलले आणि देशभर गदारोळ झाला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिराने भाविकांच्या पोशाखाचे नियम जाहीर केले, त्यातही फाटक्या जीन्सचा विषय होताच. दरवेळी ही चर्चा जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवरून इकडे इंग्लंडात येऊन धडकते, आणि दरवेळी एक बाई तिच्यात कुठेच नसते. पन्नाशी उलटलेली ही बाई फाटकी जीन्स कुणी फुकट दिली तरी घेणार नाही. तिला बँकेत, एसटीत, नातवामागे पळताना सोयीची पडेल अशी एक धड जीन्स हवी आहे. "या वयमा हाई शोभस का?" हा प्रश्न मात्र खास तिच्यासाठी राखून ठेवलेला.

गाऊनवर ओढणी टाकून कोपऱ्यावर दूध आणायला जाणं खानदेशात आता कुणाला खटकत नाही. पंजाबी ड्रेस पहिल्यांदा सुनांच्या अंगावर आला तेव्हा ज्यांनी नाकं मुरडली, त्यातल्याच कितीतरी जणी आज लेगिंग्ज आणि कुर्तीत सकाळी फिरायला जातात. जीन्स तर मुळात कष्टकऱ्यांचं कापड. १८७३ साली लेवी स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी अमेरिकेत खिशांना तांब्याचे रिव्हेट ठोकण्याचं पेटंट घेतलं, ते मजुरांच्या पँटचे खिसे उसवू नयेत म्हणून. तरी आमच्याकडे जीन्सचं घोडं अडलंय, आणि माझ्या मते ते लाजेपेक्षा मापापायी जास्त अडलंय. बाई हिंमत करून एकदा घेते. पोट पट्ट्यावरून, म्हणजे जीन्सच्या कमरपट्टीवरून, बाहेर येतं, मागे कंबर उघडी पडते, पंगतीत बसलं की बटण रुततं. जीन्स कपाटात जाते आणि बोलणाऱ्यांना "तरी आम्ही सांगत होतो" म्हणायला मोकळीक मिळते.

इकडे कुणी भुवई उंचावत नाही असं सांगणारे अर्धंच सांगतात. पन्नाशीनंतर काय घालू नये याचे सल्ले इथल्या मासिकांतही असतात. खरा फरक दुकानातल्या फळीवर आहे. एकाच मापाची जीन्स शॉर्ट, रेग्युलर आणि लाँग अशा तीन लांब्यांत मिळते, कंबर किती उंच आहे ते लेबलवर लिहिलेलं असतं, ट्रायल रूमला कडी असते. ऑनलाइन घेतली तर हातात पडल्यापासून १४ दिवसांत खरेदी रद्द करायचा हक्क कायद्यानेच आहे. म्हणून बाई तीन मागवते, एक ठेवते, दोन परत करते. आपण ज्याला समाजाचा मोकळेपणा म्हणतो, त्यातला बराचसा भाग हा असा आहे. उलट, पायाची लांबी कमी करून घ्यायची तर दहा पौंडांच्या पुढेच मोजावे लागतात. म्हणजे इकडे माप दुकान सांभाळतं. तिकडे ते शिंपी सांभाळू शकतो, आणि शंभर-दीडशे रुपयांत. पण त्याच्याकडे नेमकं काय मागायचं, हे कुणी सांगत नाही.

पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन कमी होतं आणि चरबी नितंब-मांड्यांकडून पोटाकडे सरकते. वजन तेच राहिलं तरी आकार बदलतो. त्यामुळे चाळिशीतला नंबर आता कामाचा नाही. दुकानातली ती जुनी युक्तीही कामाची नाही: बटण लावून पट्टा गळ्याभोवती गुंडाळायचा, टोकं मानेमागे भिडली की "बसली ताई, घ्या". पट्ट्याची निम्मी लांबी आणि मानेचा घेर यांचं नातं तरुण, सडपातळ अंगात बऱ्यापैकी जुळतं. पन्नाशीत मान तेवढीच राहते, पोट राहत नाही. "स्ट्रेच आहे, होईल सैल" हे त्याच्या पुढचं वाक्य, तेही सोडून द्यावं.

टेप लावा. पाय जुळवून उभं राहायचं आणि नितंबांचा सगळ्यात भरलेला भाग मोजायचा, कमरेपासून साधारण ७ ते ९ इंच खाली. टेप मागे घसरू द्यायची नाही. कंबर दोनदा मोजायची, उभ्याने आणि बसून. बसल्यावर एक-दोन इंच वाढतात, आणि आपल्याकडे बसणं म्हणजे मांडी घालून. मग जीन्स टेबलावर सपाट पसरून तिचीही मापं घ्या, कारण लेबलवरचे ३४ टेपवर ३६ निघू शकतात. भारतीय अंगाचा तक्ता बनावा म्हणून निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेने इंडियासाइज नावाचं सर्वेक्षण हाती घेतलं, पण जळगावच्या फुले मार्केटमध्ये काय नि धुळ्याच्या आग्रा रोडवर काय, अजून ज्याचा त्याचा तक्ता.

पुढची उंची, म्हणजे दोन पायांच्या मधल्या शिवणीपासून पट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर, हे माप सगळ्यात जास्त दुर्लक्षित आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं. ८ इंचांच्या आत असेल तर पट्टा पोटाखाली बसतो आणि पोट त्यावर लोंबतं. १० ते ११ इंचांत तो बेंबीच्या जरा खाली येऊन पोट आत धरतो. १२ च्या वर गेलात आणि धड आखूड असेल, तर जमिनीवर बसताना पट्टा बरगडीला टोचतो. पुढच्या खिशांचं अस्तर चेनपर्यंत नेऊन शिवलेलं असेल तर आणखी बरं, पोटावर सपाट बसतं. नुसते लोंबते खिसे असले की त्यांची घडी बाहेरून दिसते.

आता ट्रायल रूम. नुसतं आरशात वळून पाहायचं नाही. उकिडवं बसा, मांडी घाला, उठा, दोन पायऱ्या चढल्यासारखा गुडघा उचला. मग सुरकुत्या वाचा. चेनच्या खाली दोन्ही बाजूंना मिशांसारख्या आडव्या रेषा ताणल्या असतील तर नितंबात घट्ट आहे. एक नंबर वर जा. बाजूचे खिसे आ वासत असतील तरी तेच. बैठकीखाली मांडीच्या मागे कापडाच्या घड्या पडत असतील तर तो कट तुमच्या अंगाचा नाही. नंबर कमी करून त्या जात नाहीत, फक्त मांडी आवळते. मागचे खिसे फार लहान आणि दूरदूर असले की बैठक रुंद दिसते. मध्यम आकाराचे, जरा जवळ, आणि खालचं टोक नितंब संपतात त्याच्या वरच थांबणारे निवडा. त्यावर झाकण किंवा चमकीचं भरतकाम असेल तर ठेवून द्या. हे सगळं लांब कुर्तीखाली झाकलं जाणार असेल तर खिशांचा एवढा विचार करायची गरज नाही, पण उकिडवं बसून पाहणं तरीही टाळू नका.

पायाचा आकार सरळ ठेवा, मोहरीचा घेर १४ ते १६ इंच. १२ इंचांच्या आतली पोटरीला चिकटते आणि सगळं लक्ष वरच्या रुंदीकडे जातं.

कंबर आणि नितंब दोन्ही एका जीन्समध्ये बसत नसतील, आणि बहुतेकींना बसत नाहीत, तर नितंबाला बसेल ती घ्या आणि कंबर शिंप्याकडून आत घ्या. मागच्या मधल्या शिवणीतून. त्यासाठी मधला लूप काढायचा, पट्टा उसवायचा, त्याखालची योकची पट्टी आणि बैठकीची शिवण थोडी आत घेऊन पट्टा पुन्हा बसवायचा. एक ते दीड इंच निभतं. त्याहून जास्त घेतलं की मागचे खिसे एकमेकांना भिडायला येतात आणि शिवण वाकडी दिसते. मग दोन बाजूंना छोटे डार्ट, म्हणजे कापड चिमटून घातलेले टक, घ्यायला सांगा. बाजूच्या शिवणीतून आत घ्यायचं म्हटलं तर नकार द्या, खिशाचं तोंड बिघडतं. ज्यांचं पोट पुढे आणि बैठक सपाट आहे त्यांचा हिशेब उलटा: कंबरेची घ्यायची, मागच्या पट्ट्यात इलॅस्टिक बघायचं आणि मांडी सैल राहील हे मान्य करायचं.

लांबी आधी कापू नका. कॉटन डेनिम पहिल्या एक-दोन धुण्यांत १ ते ३ टक्के आटतं. २८ इंचांवर ते पाऊण इंचाच्या जरा पुढेही जातं. दोनदा धुऊन मग शिंप्याकडे. पाच फुटांच्या आसपासच्या बाईला आतल्या शिवणीची लांबी २६ ते २८ इंच पुरते, आणि दुकानात मिळते ३० ते ३२. चार इंच नुसते कापले तर मूळ मोहरीची झिजलेली, फिकट कड जाते आणि पँट नवी शिवल्यासारखी दिसते. शिंप्याला सांगा, मूळ कड तशीच ठेवून तिच्या लगेच वर कापड आत दुमडून शीव. सुई १६ नंबरची हवी. जाड जोडावर टाके सुटतात. तिथे जोड आधी हातोडीने ठोकून घ्यावा लागतो. बूटकट असेल तर चार इंच कापल्यावर खालचा फैलावच जातो, म्हणून ती बुटक्या बाईने घेऊच नये.

आता कापड, जिथे इंग्लंडचं शहाणपण खानदेशात चालत नाही. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. इथे सर्रास मिळणारं १२ औंसाचं डेनिम (औंस म्हणजे एका चौरस यार्डाचं वजन) तिकडे डिसेंबर-जानेवारीत ठीक. एरवी ८ ते १० औंस, आणि उन्हाळ्यात जीन्सच हवी असेल तर ६-७ औंसाचं किंवा टेन्सेल (लाकडाच्या लगद्यापासून केलेला मऊ धागा) मिसळलेलं. आतल्या शिवणीवरचा टॅग वाचा: ९८ टक्के कॉटन, २ टक्के इलॅस्टेन (ताणला जाणारा धागा), एवढं मांडी घालायला पुरतं. इलॅस्टेन ४-५ टक्क्यांवर गेलं की ती जेगिंग होते, अंगाचा प्रत्येक उंचवटा दाखवते आणि संध्याकाळपर्यंत गुडघ्याला फुगे येतात. पॉलिस्टर बरंच असेल तर घाम धरून ठेवतं. पन्नाशीत अंगातून वाफा निघण्याचा त्रास असेल तर तो टॅग दोनदा वाचा. कापड आडवं ताणून सोडा. लगेच मूळ जागी आलं नाही, कडा नागमोडी राहिली, तर घेऊ नका.

मीठ-व्हिनेगरने निळा रंग पक्का होत नाही. इंडिगो धाग्याच्या वरवर बसतो आणि घासला की सुटतोच. उलटी करून, गार पाण्यात, वेगळी धुवा. सावलीत वाळवा, कारण तिकडच्या उन्हाने रंग उडतो आणि इलॅस्टेनही मरतं. इकडे तेच नुकसान ड्रायर करतो.

सहा महिन्यांच्या व्हिसावर लेकीच्या बाळंतपणाला इकडे आलेल्या आया जीन्स घालतात आणि त्यांना ती आवडतेही. परतीच्या दिवशी मात्र ती बॅगेच्या तळाशी जाते, वर साडी. तिथे पोचल्यावर लोकांची भीती असते हे खरं, पण ती थंडीसाठी घेतलेली, जाड आणि तीन इंच लांब जीन्स जळगावात तशीही नकोशी वाटणार. मुलींनी आईला निघताना दुसरी घेऊन द्यावी: हलकी, गडद निळी, सरळ पायाची, नितंबाच्या मापाची. कंबर नि लांबी जळगावचा शिंपी बघेल. आणि मार्च ते जूनमध्ये कुणी घालायचा आग्रह धरला तर सरळ नाही म्हणावं. त्या चार महिन्यांत सुती साडी किंवा सलवारच जास्त शहाणी.